कागदाचे फिनिश : छपाईसाठी पृष्ठभागाची निवड

छापायच्या कागदाचा पृष्ठभाग किती गुळगुळीत, किती चमकदार, किती शोषक आहे आणि हाताला कसा लागतो, या सगळ्याला मिळून छापखान्यात ‘फिनिश’ म्हणतात. ग्लॉसी, मॅट, मॅपलिथो, टेक्श्चर ही त्याची रोजच्या बोलण्यातली नावे. लग्नपत्रिका, स्मरणिका किंवा कवितासंग्रह छापून घेताना मजकुरावर आठवडे जातात आणि कागद मात्र नमुन्यांच्या वहीवर बोट फिरवून पाच मिनिटांत ठरतो. वहीतला नमुना कोरा असतो. त्यावर शाई चढलेली नसते, घडी पडलेली नसते, कुणी पेनाने नाव घातलेले नसते. निवडीतल्या बहुतेक चुका इथेच होतात.

कामाप्रमाणे पृष्ठभाग तयार करणे आपल्याकडे जुने आहे. दौलताबादजवळचा कागजीपुरा हातकागदासाठी ओळखला जातो. पोथ्यांसाठी वापरायच्या हातकागदाला खळ लावून, वाळवून तो गुळगुळीत दगडाने घोटत. न घोटलेल्या कागदावर बोरू अडखळतो आणि शाई फुटते. आजच्या गिरणीत हे घोटण्याचे काम ‘कॅलेंडर’ नावाचे जड रूळ करतात आणि खळीच्या जोडीला खडूसारख्या खनिजांचा लेप येतो.

हा लेप आहे की नाही, हाच पहिला प्रश्न. मॅपलिथो हा बिनलेपाचा कागद. त्याच्या तंतूंत शाई मुरते, थोडी पसरते आणि रंग किंचित बसलेले दिसतात. आर्ट पेपरवर चिनी माती किंवा कॅल्शियम कार्बोनेट यांचा थर असतो. त्यावर शाई वरच थांबते, म्हणून फोटोतले बारकावे आणि गडद काळा रंग उठून येतो. रंगीत चित्र बारीक ठिपक्यांनी छापले जाते. आर्ट पेपरवर इंचाला ठिपक्यांच्या १५० ते १७५ ओळींची जाळी सहज पेलते, वर्तमानपत्राच्या कागदावर ती ८५ ते १०० च्या आसपास ठेवावी लागते, नाहीतर ठिपके एकमेकांत मिसळून चित्र मळकट होते. ग्लॉसी आणि मॅट हे दोन्ही आर्ट पेपरचेच प्रकार आहेत. मॅट म्हणजे बिनलेपाचा, असा समज अनेक ग्राहकांचा असतो, तो चुकीचा आहे.

देवनागरीसाठी हा फरक आणखी जपावा लागतो. शोषक कागदावर लहान टाइपातले ‘ष’चे पोट भरते, ‘द्ध’ आणि ‘क्ष्म’ यांच्या आतल्या फटी बुजतात. गडद रंगातून पांढरी अक्षरे काढली असतील तर शाई चारी बाजूंनी आत सरकते आणि बारीक वेलांटी दिसेनाशी होते. खडबडीत टेक्श्चर कागदावर उलटे घडते: खळग्यांत शाई पोचतच नाही. पत्रिकेत ‘चि. सौ. कां.’ छापले आणि ‘कां’वरचा अनुस्वार नेमका खळग्यात आला, तर काही प्रतींत तो पुसट होतो किंवा गायब होतो. डिजिटल यंत्राच्या टोनरला, म्हणजे शाईऐवजी वापरल्या जाणाऱ्या भुकटीला, हा त्रास जास्त. अशा कागदावर टाइप जाड आणि एक-दोन पॉइंट मोठा घेणे हाच उपाय.

वजन जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरच्या ग्रॅममध्ये सांगतात. ८० जीएसएमचा ए-४ कागद जवळजवळ ५ ग्रॅम भरतो. पण जीएसएम म्हणजे जाडी नव्हे. लेप जड असतो आणि कॅलेंडरमध्ये कागद दबतो, त्यामुळे १३० जीएसएमचा ग्लॉसी आर्ट पेपर ८० जीएसएमच्या मॅपलिथोएवढाच जाड भरू शकतो. पुस्तकाचा कणा किती रुंद होणार, हे म्हणूनच जीएसएमवरून ठरवू नये.

लग्नपत्रिका हे या निवडीचे सर्वांत बोलके उदाहरण. पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागते, पहिली पत्रिका गणपतीपुढे ठेवली जाते आणि पाकिटावर प्रत्येकाचे नाव हाताने घातले जाते. लॅमिनेशन केलेल्या चकचकीत कार्डावर ओले कुंकू धरत नाही. ते वाळून पापुद्र्यासारखे सुटते आणि एकावर एक रचलेल्या पत्रिकांच्या पाठींना लागते. पाकीटही तसेच असेल तर बॉलपेन घसरते, शाईपेनाचे नाव अंगठ्याखाली फिसकटते. बिनलेपाच्या कार्डावर किंवा हातकागदावर तेच कुंकू तंतूंत बसते आणि वाळल्यावर तिथेच राहते. पत्रिकेचे बाहेरचे अंग हवे तितके सजवावे, पण कुंकवाचे कोपरे आणि नावाची जागा उघड्या कागदाचीच असावी, असे ठामपणे म्हणावेसे वाटते. सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद यासाठी फार देखणा दिसतो. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे. तसल्या कागदावर स्क्रीन प्रिंटिंगची दाट शाई छान बसते.

लांब गद्य वाचायच्या पुस्तकाला ग्लॉसी कागद घेऊ नये. दिव्याचा उजेड पानावर पडला की अर्धी ओळ चमकेत जाते आणि वाचणारा पुस्तक तिरके करत बसतो. फिकट बदामी छटेचा मॅपलिथो डोळ्यांना सुखाचा. फार पांढरा कागद बहुधा प्रकाशवर्धक रसायनांमुळे तसा दिसतो. ही रसायने अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतात आणि त्यावरची त्वचेची छटा थंड दिसते. एका अंकात दोन कागद वापरायलाही हरकत नाही. मुखपृष्ठाला आर्ट कार्ड (जाड आर्ट पेपर), मजकुराला साधा कागद आणि मध्ये फोटोंचा एक फर्मा (घडी घातलेल्या पानांचा गठ्ठा) आर्ट पेपरचा, अशी रचना स्मरणिकांना आणि दिवाळी अंकांना चांगली मानवते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब लिहिला जातो, तिथे लेप नकोच.

छपाईनंतरचे संस्कार वेगळे. लॅमिनेशन म्हणजे कागदावर चिकटवलेला प्लॅस्टिकचा पातळ पडदा. मॅट लॅमिनेशन हाताला मऊ लागते, पण गडद रंगावर नखांचे ओरखडे उठून दिसतात. त्यावर शीर्षकापुरता चमकदार थर द्यायचा तर स्पॉट यूव्ही करतात. कार्डाच्या एकाच बाजूला लॅमिनेशन केले तर दुसरी बाजू हवेतला ओलावा पीत राहते आणि कार्ड वळते. कोकणातल्या पावसाळ्यात तर ते पन्हाळीसारखे होते. मुखपृष्ठाची आतली बाजू उघडी ठेवायची असेल तर निदान जाड कार्ड घ्यावे.

घडीचा प्रश्न तंतूंच्या दिशेचा आहे. गिरणीत कागद ज्या दिशेने धावतो, त्या दिशेने तंतू पडतात. त्या दिशेला समांतर घडी सरळ बसते, आडवी घडी कडेला फुटते आणि छापलेल्या रंगाखालून पांढरी रेघ डोकावते. दिशा ओळखायला कागद एकदा उभा आणि एकदा आडवा फाडून बघावा. तंतूंच्या दिशेने तो सरळ फाटतो, तंतूंना आडवा फाडला की वाकडातिकडा जातो. जाड कार्डाला तरीही घडीआधी क्रीझिंग, म्हणजे घडीच्या जागी दाबून पाडलेली रेघ, लागतेच.

ऑर्डर पक्की करण्याआधी त्याच कागदाची, त्याच घडीची डमी (कोरी नमुना प्रत) मागावी आणि जमल्यास एक प्रत छापून घ्यावी. ती खिडकीच्या उजेडात आणि रात्रीच्या दिव्याखाली वाचावी, घरातल्या पेनाने तिच्यावर नाव लिहावे, कोपऱ्याला ओले कुंकू लावून वाळू द्यावे आणि मग वर दुसरा कोरा कागद ठेवून तळहाताने दाबून बघावा. कोऱ्या कागदावर लाल डाग उमटला, तर कागद बदलायला तेव्हा अजून वेळ असतो.