चाळिशीनंतरचा नेमबाजी वस्ताद: बेळगावकडची पार्श्वभूमी

बेळगावला बंदुकीचं अप्रूप नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथलंच, कमांडो प्रशिक्षणही इथलंच. खानापूरकडच्या रानालगतच्या गावांत डुकरांपासून पीक राखायला परवान्याची ठासणीची बंदूक आजही एखाद्या घरात असते. (निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करायची, आणि आमच्याकडे निवडणुकांना काही तोटा नाही.) तरीही प्रॅक्टिकल शूटिंग, म्हणजे पळत, वळत, आडोशाआडून घड्याळाशी झुंजत नेम धरायचा खेळ, इथल्या माणसाला भेटलाच तर उशिरा भेटतो, आणि तो शिकवणारा वस्ताद होतो चाळिशीनंतर. दोष त्याच्या आळसाचा नाही, इतिहासाचा आहे.

हा खेळ अमेरिकेतला. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर इथं जेफ कूपर या माजी मरीन अधिकाऱ्यानं पिस्तुलाच्या खुल्या स्पर्धा भरवल्या. एका जागी उभं राहून कागद भोकसण्यापेक्षा प्रत्यक्षात कोणती पद्धत चालते, हे त्याला पाहायचं होतं. पुढं मे 1976 मध्ये मिसुरीतल्या कोलंबिया इथं आंतरराष्ट्रीय महासंघ, आयपीएससी, स्थापन झाला आणि कूपर त्याचा पहिला अध्यक्ष. त्याच वर्षी त्यानं ॲरिझोनात पिस्तूल शिकवणारी शाळा काढली. तेव्हा तो 56 वर्षांचा होता. शिकवण्याच्या धंद्याचा पायाच पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं घातला, हे मला फार बोलकं वाटतं.

गुणांची रीतही वेगळी. मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद, हा निकाल. मधल्या भागात गोळी लागली तर 5, पूर्ण चुकली तर उणे 10. म्हणजे नुसता वेगवान हात उपयोगाचा नाही आणि नुसतं थंड डोकंही नाही.

भारतात मात्र नेमबाजीची घडी दुसऱ्याच दिशेनं बसली. 1951 मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी राहिली. तिचे संस्थापक अध्यक्ष ग. वा. मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती, आपल्याच मराठी मुलखातल्या घराण्यातले. संघटनेचा भर राहिला ऑलिंपिकच्या प्रकारांवर, आणि त्याचं फळही मिळालं. शेजारच्या कोल्हापुरातून तेजस्विनी सावंत 2010 मध्ये विश्वविजेती झाली, राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं, राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिसहून कांस्य आणलं. सीमेच्या अलीकडच्या पोरांपुढं नेमबाजी म्हटलं की हीच नावं येतात.

खरी अडचण काडतुसाची. आयपीएससीच्या पिस्तूल स्पर्धेत किमान 9 बाय 19 मिलिमीटरचं (गोळीचा व्यास 9, पुंगळीची लांबी 19) काडतूस लागतं. आपल्याकडं तेच सैन्य-पोलिसांचं काडतूस, आणि ते ज्यात बसतं ते पिस्तूल साध्या परवान्यावर मिळत नाही. नागरिकाच्या हाती बहुतेकदा येतं ते .32 इंच व्यासाच्या गोळीचं. लष्करी दारूगोळा जनतेत फिरू नये, हा त्यामागचा हिशेब. खेळ सुरू होतो तिथंच आपला कायदा थांबवतो. त्यात शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनं एका माणसाला ठेवता येणारी हत्यारं तीनवरून दोनवर आणली. खेळाडूंना सवलती आहेत, पण चाळिशीत नव्यानं येणाऱ्याला आधी खेळाडू म्हणून ओळख मिळवावी लागते.

म्हणून इथं उशिरा सुरुवात करणारा बहुतेकदा दोहोंपैकी एक. एक निवृत्त फौजी: इन्फंट्रीचा शिपाई पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून पस्तिशी ते चाळिशीच्या दरम्यान गावी येतो. दुसरा, पोरीला एअर पिस्तुलाच्या क्लासला सोडायला गेलेला बाप. फौजी पुढं असेल असं वाटतं, पण त्याला बरंच विसरावं लागतं. पलटणीत हुकूम होतो तेव्हा गोळी सुटते. इथं कुठून पळायचं, कोणतं लक्ष्य आधी घ्यायचं, मॅगझिन कुठं बदलायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. बापाला विसरण्यासारखं काही नसतं, तो निमूट ऐकतो.

शिकवणारा होण्यासाठी पदकांची रास लागत नाही, कारण या खेळात शिकवणं सुरक्षेतून वाढलं. धावताना बोट चापाबाहेर. नळीचं तोंड ठरलेल्या कोनाबाहेर फिरलं किंवा पिस्तूल हातातून पडलं, की खेळाडू तिथल्या तिथं बाद. कितीही मोठा असो, सूट नाही. रेंज ऑफिसर स्पर्धकाच्या मागे हातभर अंतरावर टायमर घेऊन चालतो आणि त्याची नजर लक्ष्यावर नव्हे, पिस्तुलावर असते. आमच्याकडच्या तालमीतला वस्तादही असाच: स्वतः जोड खेळायचं वय सरलेलं, पण पोराचा पाय कुठं चुकतोय ते त्यालाच आधी दिसतं. खेळाच्या नियमांत पन्नाशीपुढचे ज्येष्ठ आणि साठीपुढचे अतिज्येष्ठ असे वेगळे गटही आहेत, त्यामुळं शिकवता शिकवता स्वतः उतरायलाही वाव राहतो.

आज बेळगावात हे शिकायचं तर वाट आडवळणाची आहे. सुरुवात 10 मीटर एअर पिस्तुलानं, मग घरी रिकाम्या हत्यारावर महिनोन्‌महिने होल्स्टरमधून काढणं, पकड, चापाची ओढ. यातलं बरंचसं गोळी न झाडताच घोटून घेता येतं, आणि ते चांगलं शिकवणारा मिळाला तर अर्धं काम तिथंच होतं. 9 मिलिमीटरचा खरा सामना बघायचा तर बहुतेकदा देशाबाहेर जावं लागतं. 2022 ची जागतिक स्पर्धा थायलंडमध्ये पट्टायाला झाली.