लॉगऑन सर्व्हर वेगळा, पीडीसी एम्युलेटर वेगळा

"सर, घड्याळ पुन्हा मांगं गेलं जी."

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेची खेड्यातली शाखा, आणि तिथल्या कॅशियरताईंचा हा दुसरा फोन. आदल्या दिवशी मुख्य कार्यालयाची लाइन गेली ती रात्री उशिरा आली. तेव्हापासून शाखेतले सगळे संगणक 17 मिनिटं मागे. मी शाखेत जाऊन कमांड प्रॉम्प्टवर इको %लॉगऑनसर्व्हर% टाकलं. नाव आलं ते शाखेतल्याच सर्व्हरचं. त्याचं घड्याळ लावलं, संगणकांच्या वेळा जुळल्या, आणि मी परतीची बस धरली. संध्याकाळी घड्याळ होतं तिथंच.

मी हात लावला तो होता लॉगऑन सर्व्हर. डोमेनची, म्हणजे एका व्यवस्थेत जोडलेल्या संस्थेच्या सगळ्या संगणकांची, वेळ ज्याच्याकडून येते तो पीडीसी एम्युलेटर तालुक्याच्या गावी, मुख्य कार्यालयात होता. या दोघांत फार जणांची गल्लत होते.

लॉगऑन सर्व्हर म्हणजे तुम्ही पासवर्ड टाकलात तेव्हा ज्या डोमेन कंट्रोलरने, म्हणजे खाती आणि पासवर्ड सांभाळणाऱ्या सर्व्हरने, ओळख पटवली, तो. बहुधा जवळचा, पण तोच असेल असं नाही. उद्या दुसराही असू शकतो, आणि शेजारच्या टेबलावर आजही वेगळा दिसू शकतो. लाइन किंवा नेट नसताना संगणकाने साठवलेल्या माहितीवर लॉगिन दिलं असेल, तर बंद पडलेल्या सर्व्हरचंही नाव तिथे दिसू शकतं.

पीडीसी एम्युलेटर ही मात्र एक जबाबदारी आहे आणि डोमेनमध्ये ती एका वेळी एकाच सर्व्हरकडे असते. पोळ्याला तोरणाखाली गावच्या साऱ्या बैलजोड्या उभ्या राहतात, पण मानाची जोडी एकच असते. दिसायला सगळ्याच सजलेल्या, त्यामुळे बाहेरगावच्याला बघून कळत नाही. गावात विचारावं लागतं. डोमेनचंही असंच.

विंडोज एनटीच्या काळात ज्यावर खात्यांचे बदल लिहिता येत असा सर्व्हर एकच असे, तो पीडीसी, म्हणजे प्रायमरी डोमेन कंट्रोलर. बाकीच्यांकडे नुसती नक्कल. विंडोज 2000 सोबत अॅक्टिव्ह डिरेक्टरी ही डोमेनची नवी व्यवस्था आली आणि सगळे डोमेन कंट्रोलर लिहिते झाले. तरी पाच कामं एकेकाच सर्व्हरकडे ठेवावी लागली. स्कीमा मास्टर आणि डोमेन नेमिंग मास्टर ही दोन अख्ख्या फॉरेस्टसाठी, म्हणजे एकत्र जोडलेल्या डोमेनांच्या समूहासाठी; आरआयडी मास्टर, पीडीसी एम्युलेटर आणि इन्फ्रास्ट्रक्चर मास्टर ही तीन प्रत्येक डोमेनसाठी. पाचांपैकी रोजच्या कामात ज्याची उणीव लगेच जाणवते, तो पीडीसी एम्युलेटर. आरआयडी मास्टर प्रत्येक कंट्रोलरला नव्या खात्यांसाठी 500 क्रमांकांचा गठ्ठा देऊन ठेवतो, त्यामुळे तो बंद पडला तरी काही दिवस कुणाला पत्ताही लागत नाही.

पासवर्डचं बघा. शाखेत ताईंनी पासवर्ड बदलला की तिथला सर्व्हर ते लगेच पीडीसी एम्युलेटरला कळवतो. थोड्या वेळाने त्या मुख्य कार्यालयात दुसऱ्या सर्व्हरसमोर बसल्या आणि त्याच्यापर्यंत नवा पासवर्ड पोचलेला नसला, तरी तो थेट नकार देत नाही. आधी पीडीसी एम्युलेटरला विचारतो. हा विचारायचा सर्व्हरच बंद असेल तर बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो, आणि आपण लॉगऑन सर्व्हर तपासत बसतो.

वेळेचंही तसंच. शाखेचा कंट्रोलर वेळ घेतो पीडीसी एम्युलेटरकडून, म्हणून मी लावलेलं घड्याळ टिकलं नाही. लॉगिनची ओळख पटवणाऱ्या केर्बरॉस पद्धतीला साधारणपणे 5 मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, त्यामुळे मी एकच सर्व्हर दुरुस्त करून लॉगिनही अडवून ठेवलं असतं.

शोधायचं कसं? कोणत्याही डोमेन कंट्रोलरवर नेटडॉम क्वेरी एफएसएमओ टाका. पाचही जबाबदाऱ्या आणि त्यांचे सर्व्हर ओळीने येतात. मला हीच पद्धत आवडते, कारण तिचं उत्तर तुम्ही कुठे लॉगिन आहात यावर बदलत नाही. फक्त पीडीसी हवा असेल तर एनएलटेस्ट कमांडच्या डीएसगेटडीसीला शेवटी /पीडीसी जोडा. ते जोडायचं राहिलं तर जो सापडेल त्या कंट्रोलरचं नाव येतं, म्हणजे पुन्हा तीच गल्लत. अॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या युजर्स अँड कंप्युटर्सच्या खिडकीत वर दिसणारं नावही फक्त जोडलेल्या सर्व्हरचं असतं. जबाबदारी पाहायला डोमेनवर उजवी क्लिक करून ऑपरेशन्स मास्टर्स उघडावं लागतं.

आमच्या मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरची मदरबोर्डवरची बॅटरी संपत आली होती आणि बाहेरून वेळ घेण्याची सोय कुणी लावलीच नव्हती. बॅटरी बदलली, बाहेरून अचूक वेळ देणारा एनटीपी सर्व्हर जोडून दिला. शाखेला हात लावावा लागला नाही. पुढच्या खेपेला तिथलं घड्याळ आपोआप जुळलेलं होतं.