वायुजनक मूत्राशयदाह

मूत्राशयाच्या भिंतीत, आणि पुष्कळदा पोकळीतही, जंतूंनी तयार केलेला वायू साठवणारा दुर्मिळ संसर्ग. वैद्यकात त्याला एम्फिसेमॅटस सिस्टायटिस म्हणतात. बहुतेक रुग्ण उतारवयातील मधुमेही असतात. त्यांत स्त्रिया अधिक. मूत्राशय पुरते रिकामे न होणे, दीर्घकाळ ठेवलेला कॅथेटर (लघवी काढण्याची नळी) आणि दुबळी प्रतिकारशक्ती यांमुळेही धोका वाढतो.

सर्वाधिक आढळणारा जंतू ई. कोलाय, त्याखालोखाल क्लेब्सिएला. लघवीत व ऊतींत साखर वाढली की हे जंतू तिचे किण्वन करतात आणि कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन यांसारखे वायू सुटतात. मधुमेह नसलेल्यांत ऊतींतील प्रथिनांपासून वायू बनत असावा, असे मानले जाते.

लक्षणे फसवी असतात. ओटीपोटात दुखणे, लघवीला जळजळ, लघवीतून रक्त ही तक्रार साध्या मूत्रसंसर्गातही असते. ताप नसेल, तर आजार किरकोळच वाटतो. काहींना कसलाच त्रास नसतो आणि दुसऱ्या कारणासाठी काढलेल्या स्कॅनमध्ये वायू अचानक दिसतो. लघवीतून हवेचे बुडबुडे जाणे ही महत्त्वाची खूण आहे; पण रुग्ण ती आपणहून क्वचितच सांगतो, म्हणून ती मुद्दाम विचारावी.

निदान प्रतिमेवरच ठरते. साध्या एक्स-रेत मूत्राशयाभोवती वायूची काळी कड दिसू शकते. सीटी स्कॅन त्याहून खात्रीचा: वायू भिंतीत आहे की केवळ पोकळीत, आणि तो मूत्रपिंडापर्यंत पोचला आहे का, हे त्यात कळते. हा फरक कळीचा आहे. नुकताच कॅथेटर घातला असेल किंवा दुर्बीण तपासणी झाली असेल, तर पोकळीत बाहेरची हवा शिरलेली असू शकते. आतडे व मूत्राशय यांच्यात भगेंद्रासारखी वाट पडली असल्यासही वायू दिसतो. तिथे उपचार वेगळे होतात. मूत्रपिंडातील वायुजनक संसर्ग कितीतरी अधिक घातक असल्याने तो वगळणे आवश्यक ठरते.

लघवीचे, तसेच रक्ताचे कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी) पाठवून लगेच शिरेतून प्रतिजैविके सुरू करतात आणि अहवाल आल्यावर गरजेनुसार ती बदलतात. कॅथेटरने मूत्राशय मोकळे ठेवणे व रक्तशर्करा आटोक्यात आणणे औषधाइतकेच महत्त्वाचे. साचलेली लघवी तशीच राहिली, तर नुसत्या प्रतिजैविकांनी भागत नाही. वेळेत उपचार मिळाल्यास बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेविना बरे होतात. भिंत सडली, मूत्राशय फुटले किंवा औषधांना प्रतिसादच मिळाला नाही, तर मृत ऊती, प्रसंगी मूत्राशयाचा काही भाग अथवा संपूर्ण मूत्राशय काढावे लागते.