छायाचित्राचे प्रमाण आणि प्रिंट-फ्रेमची मापे

फोटोच्या लांब बाजूला आखूड बाजूने भागले की त्याचे प्रमाण, म्हणजेच अॅस्पेक्ट रेशो मिळतो. ४×६ इंची फोटोचे प्रमाण दीड, ८×१० चे सव्वा. माप आणि प्रमाण या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि प्रिंट काढताना होणारे बहुतेक घोळ त्या एकच समजल्याने होतात. ४×६, ८×१२, १२×१८, १६×२४ आणि २०×३० ही पाच मापे आहेत, पण सगळ्यांचे प्रमाण दीडच. त्यामुळे एकच फोटो या पाचही कागदांवर जराही न कापता उतरतो. ८×१० हे माप ८×१२ च्या अगदी शेजारचे वाटते, दरातही फारसा फरक नसतो, पण ते दुसऱ्याच घराण्यातले आहे.

ही घराणी वेगवेगळ्या काळात जन्मली. ८×१० आणि ४×५ ही मोठ्या कॅमेऱ्यांच्या काचेच्या प्लेटची आणि पुढे शीट फिल्मची मापे. ८×१० ची निगेटिव्ह कागदावर थेट ठेवून तेवढीच प्रिंट काढत. ४×५ ची निगेटिव्ह दुप्पट मोठी केली की ८×१० आणि चौपट केली की १६×२०. स्टुडिओच्या भिंतीवरची मापे या हिशेबाने ठरली. दीडचे घराणे सिनेमाच्या फिल्मवरून आले. ३५ मि.मी. सिने फिल्मची चौकट १८×२४ मि.मी. होती. जर्मनीत लाइट्झ कंपनीच्या ऑस्कर बार्नाक यांनी तीच फिल्म आडवी चालवून दोन चौकटींची एक केली आणि २४×३६ मि.मी.ची निगेटिव्ह मिळाली. १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याबरोबर ती जगभर गेली. आजच्या डीएसएलआर आणि बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांनी तेच प्रमाण ठेवले आहे. मोबाइल मात्र सहसा ४:३ मध्ये फोटो काढतो. सुरुवातीचे छोटे डिजिटल कॅमेरे त्या वेळच्या संगणकाच्या पडद्याच्या प्रमाणात फोटो काढत आणि तीच सवय पुढे चालू राहिली. म्हणजे घरात आज फोटो ४:३ चे, लॅबमधला कागद दीडचा आणि दुकानातली फ्रेम कित्येकदा सव्वाची.

यातून किती कापले जाते ते सोप्या अपूर्णांकांत सांगता येते. ३:२ चा, म्हणजे दीडच्या प्रमाणाचा फोटो ८×१० वर भरून छापला तर लांबीचा सहावा भाग जातो; १०×१२ वर पाचवा भाग; ५×७ वर फक्त पंधरावा. मोबाइलचा ४:३ चा फोटो ४×६ वर छापताना नववा भाग जातो, ८×१० वर सोळावा आणि १०×१२ वर दहावा. ६×८ वर काहीच जात नाही, कारण त्याचे प्रमाणच ४:३ आहे. मोबाइलमधून प्रिंट काढणाऱ्याला हे माप काउंटरवर कोणी आपणहून सुचवत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. १६:९ मध्ये काढलेल्या फोटोचे ८×१० वर जवळपास तीन दशांश चित्र बाहेर राहते. प्रिंट काढायची असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये हे प्रमाण निवडूच नये.

लॅबमधला कागद गुंडाळीने येतो. ४, ५, ६, ८, १०, १२ इंच अशी गुंडाळीची रुंदी ठरलेली असते, पण लांबी यंत्र जिथे कापेल तिथे संपते. म्हणूनच १२ इंची गुंडाळीवर १२×१५ आणि १२×१८ या दोन्ही प्रिंट निघतात, आणि मागितली तर ९×१२ सुद्धा. सॉफ्टवेअरमध्ये दोन पर्याय असतात. ‘फिल’ कागद पूर्ण भरतो आणि उरलेले चित्र कापतो. ‘फिट’ पूर्ण चित्र ठेवतो आणि दोन बाजूंना पांढरी पट्टी सोडतो. कोणी काही सांगितले नाही तर सहसा ‘फिल’ होते आणि काप दोन्ही कडांनी सारखा जातो. वर, बिनकडेच्या प्रिंटला पांढरी रेघ दिसू नये म्हणून यंत्र चित्र किंचित मोठे करते. कडेचे एक-दोन मिलिमीटर तेव्हाही जातात. तिसरा मार्ग म्हणजे चित्र ताणून कागदात बसवणे. चेहरा रुंद होतो, माणूस ओळखीचा राहत नाही. हे कधीही करू देऊ नये.

सारखा काप कुठे लागतो ते एका नेहमीच्या प्रसंगात दिसते. घरातली आजी गेली आहे, तेराव्याला हार घालायला १०×१२ चा फोटो हवा आहे आणि मोबाइल उभा धरून काढलेला तिचा एक चांगला फोटो आहे, डोक्यावर पदर, कपाळावर कुंकू. १० इंच रुंदीला ४:३ चा फोटो १३.३ इंच उंच होतो. कागद १२ इंचांचा, म्हणजे १.३ इंच जायचे. यंत्र वरून पाऊण इंचाला थोडा कमी आणि खालून तेवढाच घेते. नंतर फ्रेमच्या पट्टीची खाच आणखी पाव इंच झाकते. डोक्यावरची सुमारे एक इंच जागा गेली; पदराचा काठ पट्टीला टेकतो आणि वर हार चढला की कपाळच झाकले जाते. तोच १.३ इंच पूर्ण खालून, मांडीवरच्या हातांच्या खालून घेतला तर काही बिघडत नाही. फाइल लॅबला देण्यापूर्वी स्वतः १०×१२ मध्ये क्रॉप करून पाहायला दोन मिनिटे लागतात. लग्नाच्या ग्रुप फोटोतही हेच होते: कापल्या जाणाऱ्या दोन्ही टोकांना उभी असलेली माणसे बहुतेक वेळा वयाने मोठी आणि मागे राहणारी असतात. फोटो काढणाऱ्याने दोन पावले मागे सरकून कडेला जागा सोडली की ती सगळी कागदावर येतात.

फ्रेमचे माप म्हणजे आत बसणाऱ्या कागदाचे माप, दिसणारे नव्हे. १२×१८ च्या फ्रेममध्ये डोळ्यांना सुमारे साडेअकरा बाय साडेसतरा इंचच दिसते. ए-४ ची फ्रेम हा एक नेहमीचा सापळा आहे. प्रमाणपत्रांसाठी ती घरोघरी असते आणि ८×१२ ची प्रिंट तिच्यात बसेल असे वाटते. ए-४ म्हणजे २१०×२९७ मि.मी. आणि ८×१२ म्हणजे २०३×३०५ मि.मी. प्रिंट ८ मि.मी. लांब आणि ७ मि.मी. अरुंद. लांबी कापावी लागते आणि दोन्ही बाजूंना साडेतीन मिलिमीटरची फट राहते. खाच ५ मि.मी.ची असेल तर ती जेमतेम झाकली जाते.

कागद आणि फ्रेम यांचे प्रमाण जुळत नसेल तेव्हा खरा उपाय माउंटचा, म्हणजे फोटो आणि काच यांच्या मध्ये बसणाऱ्या, मध्ये खिडकी कापलेल्या जाड पुठ्ठ्याचा. फोटोभोवती चारी बाजूंना सारखी रुंदी ठेवली की बाहेरचे प्रमाण आपोआप बदलते. ८×१२ च्या प्रिंटला दोन-दोन इंच दिले की बाहेरचे माप १२×१६. मोबाइलचा फोटो ९×१२ काढून दीड इंच दिले की बरोबर १२×१५, म्हणजे कुठल्याही फ्रेमवाल्याकडे मिळणारी फ्रेम, आणि फोटोचा एक कणही कापलेला नाही. माउंटची खिडकी फोटोपेक्षा सगळीकडून पाव इंच लहान कापतात, म्हणजे कागद मागून धरला जातो. माउंटचा दुसरा गुण कोकणात आणि मुंबईत विशेष मोलाचा आहे. काचेला थेट चिकटलेला फोटो पावसाळ्याच्या दमटपणात काचेलाच धरून बसतो आणि सोडवताना वरचा थर सोलला जातो. माउंटच्या जाडीने मध्ये हवा राहते.

लग्नाच्या अल्बममध्ये १२×३६ ची शीट असते, १२×१८ ची दोन पाने जोडून. एका पानावर ३:२ चा आडवा फोटो पूर्ण बसतो. तोच फोटो दोन्ही पानांवर पसरला तर त्याची निम्मी उंची जाते आणि मधोमध घडी येते. वधूवर शेजारी उभे असतील तर ती नेमकी दोघांच्या खांद्यांतून जाते, आणि एकट्या वधूचा फोटो असेल तर चेहऱ्यातून. अल्बमचा नमुना मंजूर करताना प्रत्येक शीटच्या मध्यावर बोट ठेवून पाहावे.