सुईचा कोन: ९२ अंशांच्या आधीची गोष्ट

रेकॉर्ड प्लेअरची सुई तपासायचा विषय निघाला की हल्ली गाडी लगेच ९२ या आकड्यावर येते. सुईच्या टोकाचा हिरा रेकॉर्डशी ९२ अंशांत उभा असला की झालं, अशी समजूत आहे. नागपुरात महाल, धरमपेठेतल्या जुन्या घरांच्या माळ्यांवरून जे प्लेअर पुन्हा खाली उतरताहेत, त्यांच्या मालकांनाही मोबाईलवर पहिल्यांदा भेटतो तो हाच आकडा. आकडा खोटा नाही. पण तो फार उशिरा, १९८१ साली आला. त्याच्या कितीतरी आधीपासून सुईचा कोन आणि सुईची झीज हा एकच प्रश्न मानला जायचा. तो धागा सुटला म्हणून आज लोक झिजलेल्या सुईचे कोन मोजत बसतात.

सुरुवात पोलादी पिनेपासून करू. चावीच्या ग्रामोफोनमध्ये साउंडबॉक्सचा, म्हणजे पिन धरून आवाज काढणाऱ्या डबीचा, भार शंभर ग्रॅमच्या वर असे आणि मिनिटाला ७८ फेऱ्यांची रेकॉर्ड लाखेची असे. ही लाख बहुतेक भारतातलीच. पळस, कुसुम, बोर या झाडांवरचा किडा ती तयार करतो, आणि छोटा नागपूरच्या पठारापासून आपल्या गोंदियाकडच्या जंगलांपर्यंत ती गोळा होत असे. रेकॉर्डमध्ये मात्र नुसती लाख नसायची, दगडाची भुकटीही मिसळलेली असायची. नवी पिन पहिल्या काही फेऱ्यांतच या भुकटीवर घासून खोबणीच्या मापाची होई. थोडक्यात, झिजायचं पिनेनं, रेकॉर्डनं नाही. म्हणून एका बाजूला एक पिन. दहा इंची रेकॉर्डची बाजू साधारण तीन मिनिटांची. नाट्यपद संपलं की पिन टाकून द्यायची.

काटकसरी माणसाला ते पटणं अवघडच. तीच पिन पुन्हा वापरायची, तीही थोडी फिरवून, म्हणजे 'नवी बाजू' मिळते, हा उपाय अनेकांना सुचायचा. यानेच रेकॉर्डचा घात व्हायचा. घासलेल्या पिनेच्या टोकाला दोन बाजूंनी सपाट पैलू पडलेले असतात आणि पैलूंना कडा असतात. पिन जशी घासली त्याच दिशेत राहिली तर कडा खोबणीच्या भिंतीला समांतर राहतात. ती फिरवली की तीच कड पटाशीसारखी भिंत तासत जाते. पुढच्या शंभर वर्षांत सुईचा धातू, वजन, आकार सगळं बदललं, हा नियम बदलला नाही.

कोनाचा हिशेब कागदावर मांडायला सुरुवात झाली ती आडव्या दिशेत. रेकॉर्ड कोरणारं यंत्र सरळ रेषेत आत सरकतं, तर वाजवणारा आर्म, म्हणजे सुई धरणारा लांब हात, एका टोकाशी खिळलेला असल्यामुळे वर्तुळाच्या कंसात फिरतो. त्यामुळे सुई खोबणीला नेहमीच थोडी तिरकी असते. १९२४ साली इंग्लंडमध्ये पर्सी विल्सन यांनी ही चूक कमीत कमी ठेवण्याची भूमिती मांडली. १९३८ मध्ये स्वीडनचे एरिक लॉफग्रेन आणि १९४१ मध्ये बेअरवाल्ड यांनी ती पक्की केली. कार्ट्रिज, म्हणजे आर्मच्या टोकाची सुई धरणारी डबी, बसवताना आज जो छापील प्रोट्रॅक्टर (कोनमापक) वापरतात, त्यावरचे दोन बिंदू याच गणितातून आलेले आहेत.

१९४८ च्या जूनमध्ये कोलंबिया कंपनीने अमेरिकेत एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी रेकॉर्ड, आणली, ३३⅓ फेऱ्यांची, व्हिनाइलची. (नागपूर आकाशवाणी केंद्र सुरू झालं तेही त्याच वर्षी, जुलैत.) व्हिनाइल मऊ आणि गुळगुळीत, त्यामुळे जुना करार उलटा झाला. पिनेला आकार देणारी भुकटी गेली आणि सुईचं टोक कारखान्यातूनच घडून येऊ लागलं, जेमतेम २५ मायक्रॉन त्रिज्येचं. ते नीलमण्याचं असेल तर पन्नासेक तासांत उतरणीला लागे. हिऱ्याचं पाचशे ते हजार तास चाले. पिन दर तीन मिनिटांनी बदलण्याची सवय मोडली, आणि सुई झिजते ही गोष्टच लोकांच्या डोक्यातून गेली.

उभा कोन महत्त्वाचा झाला स्टिरिओमुळे. मोनो रेकॉर्डमध्ये सुईची मुख्य हालचाल डावी-उजवी असते. १९५७-५८ मध्ये बाजारात आलेल्या स्टिरिओ पद्धतीत, जिची मूळ कल्पना ॲलन ब्लमलिन यांनी १९३१ मध्येच पेटंट केली होती, खोबणीच्या दोन भिंती ४५ अंशांत दोन वेगळे आवाज धरतात. दोन्हींतला फरक सुईला वर-खाली नाचवतो. आता कॅन्टिलिव्हर, म्हणजे टोकाला हिरा असलेली ती बारीक दांडी, मागच्या बाजूला बिजागरीवर असते. म्हणून वर जाताना सुई सरळ वर न जाता कंसात जाते, खोबणीत किंचित पुढे-मागे होते. कोरणाऱ्या यंत्राचंही तसंच. दोघांचा कंस जुळला तर चूक चुकीला खाते, नाही तर आवाजात विकृती येते.

अडचण अशी, की कोरणारी यंत्रंच एकमेकांशी जुळत नव्हती. या कंसाचा उभ्या रेषेशी होणारा कोन कुणाचा शून्याच्या आसपास, कुणाचा वीसच्या वर. त्यात १९६० च्या दशकात सीबीएस या अमेरिकन कंपनीच्या प्रयोगशाळेतले बेंजामिन बाउअर यांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली. लॅकरवर, म्हणजे जिच्यावरून पुढे रेकॉर्ड छापतात त्या मूळ तबकडीवर, कोरलेली खोबण कोरून झाल्यावर थोडी परत उसळते, त्यामुळे यंत्राचा कोन आणि रेकॉर्डवर उमटलेला कोन एक नसतो. आधी १५ अंश हे प्रमाण ठरलं, नंतर ते २० वर गेलं. म्हणजे तुमच्या कपाटातल्या दोन एलपी वेगवेगळ्या कोनांत कोरलेल्या असू शकतात. एकाच आकड्याची पूजा करणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

तोवर बहुतेक सुयांचं टोक गोल होतं, आणि गोल टोक कुठल्या कोनात उभं आहे याने फारसा फरक पडत नाही. चार आवाजांच्या क्वाड्रोफोनिक रेकॉर्डसाठी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये जेव्हीसीच्या नोरिओ शिबाता यांनी खोबणीच्या भिंतीला उभ्या लांब रेषेत टेकणारं टोक घडवलं. क्वाड्रोफोनिक बुडालं, शिबाता टोक टिकलं. लांब रेषेत टेकणारी कड मागेपुढे कलली की लगेच ऐकू येतं. म्हणून १९८१ मध्ये जॉन रिश आणि ब्रूस मायर यांनी 'ऑडिओ' मासिकात हिऱ्याच्या स्वतःच्या कलण्याचा मुद्दा मांडला, आणि तिथे ९२ अंश आले: टोक आर्मच्या बुडाकडे किंचित वळलेलं, जसं कोरणाऱ्या सुईचं असतं. २०१० नंतर स्वस्त यूएसबी मायक्रोस्कोप आले आणि हा आकडा घरोघरी गेला.

एचएमव्हीच्या फिएस्टासारख्या घरगुती प्लेअरमध्ये या आकड्याला अर्थ नाही, हे स्पष्टच सांगतो. सिरॅमिक कार्ट्रिज, गोल टोक, काही ग्रॅमचा भार, आणि आर्मची उंची बदलायची सोयच नाही. सोय असलेल्या प्लेअरवरही हिशेब पाहा: नऊ इंची आर्मचं बूड साधारण ४ मिलिमीटर उचललं तेव्हा कोन एका अंशाने बदलतो. जाड आणि पातळ रेकॉर्डमधला फरक मिलिमीटरभराचाही नसतो.

कोन पाहायचा तो दोष शोधण्यासाठी, आणि आपल्याकडे मुख्य दोष रबराचा निघतो. कॅन्टिलिव्हर एका चिमुकल्या रबरावर तोललेला असतो. ४५ अंशांच्या पुढे जाणारे नागपूरचे मे महिने माळ्यावर काढलेल्या कार्ट्रिजचं रबर एक तर बसतं, नाही तर कडक होतं. बसलेलं असेल तर कार्ट्रिजचं पोट रेकॉर्डला टेकायला येतं आणि दांडीचा व हिऱ्याचा असे दोन्ही कोन एकदमच घटतात. कडक झालेलं असेल तर कार्ट्रिज उंच राहतं आणि मोठ्या तानेला आवाज फाटतो. बाजूने पाहताना डोळा रेकॉर्डच्या पातळीत आणावा, सुई थांबलेल्या रेकॉर्डवर नेहमीच्या वजनात टेकलेली असावी. समोरून पाहिल्यावर दांडी एका अंगाला गेलेली दिसली, तर कुणाचा तरी धक्का लागला आहे किंवा बाजूचा ताण वर्षानुवर्षं चुकीचा होता. असे दोष आर्म वर-खाली करून जात नाहीत, सुईच बदलावी लागते.

झीज पाहायला साधारण २०० पट मोठं करणारं भिंग आणि दोन्ही बाजूंनी प्रकाश लागतो. हिऱ्यावर सपाट पैलू पडले असतील तर दोन मोठे चकचकीत ठिपके दिसतात. एक ठिपका दुसऱ्याहून मोठा असेल तर सुई बरीच वर्षं एकीकडे कलून चालली आहे. आणि पैलू पडलेले असतील तर कोनाला हात लावू नये. त्या हिऱ्याने जुन्या कोनातच स्वतःला घासून घेतलं आहे. ९२ करायला गेलात की फिरवलेल्या पोलादी पिनेसारखी त्याची कड खोबणीवर येणार. आधी झीज, मग कोन, हा क्रम उलटवू नये.

नव्या सुईचंही तपासून घ्यावं. शुअर या अमेरिकन कंपनीने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणं थांबवलं आणि त्यांच्या जुन्या कार्ट्रिजना आता दुसऱ्यांच्या सुया लागतात. त्यांत हिरा दांडीवर किंचित पिळलेला किंवा तिरका बसवलेला निघतो. डबीतून काढल्याबरोबर, पहिली रेकॉर्ड लावण्याआधी तो भिंगाखाली समोरून आणि बाजूने पाहावा, आणि तिरका असला तर दुकानदाराला तिथेच परत करावा.