उसाच्या ट्रॉलीचं चाक आणि पोलादाचा थकवा

गळीत हंगाम लागला की सांगली-साताऱ्याच्या रस्त्यांवर उसाने खचाखच भरलेल्या ट्रॉल्यांची रीघ लागते. ट्रॉलीचं चाक किलोमीटरमागे साधारण ३०० फेरे घेतं. दिवसाला ४० किलोमीटर धरले तरी १०० दिवसांत १२ लाख फेरे. दर फेऱ्याला चाकाची डिस्क (मधली पोलादी तबकडी) किंचित वाकते, पुन्हा सरळ होते. एकदाच भार टाकला तर जे पोलाद सहज तग धरतं, ते या वारंवार वाकण्याने तडकतं. यालाच पोलादाचा थकवा म्हणतात.

हे कोडं आधी रेल्वेला पडलं. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस (चाकं जोडणारा दांडा) मोडला आणि पन्नासहून अधिक माणसं दगावली. हादऱ्यांनी लोखंड ‘स्फटिकमय’ होऊन ठिसूळ बनतं, असा तेव्हा समज होता. स्कॉटिश अभियंता विल्यम रँकिन यांनी १८४३ मध्ये तो नाकारला: आसाची जाडी जिथे एकदम बदलते त्या कोपऱ्यातून चीर हळूहळू आत शिरते, म्हणून कोपरा गोलसर ठेवा. जर्मनीत रेल्वे अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी वर्षानुवर्षं नमुने फिरवत-वाकवत तपासले. ताण एका मर्यादेखाली राहिला तर पोलाद जवळपास तुटतच नाही, हे १८७० पर्यंत पुढे आलं. १९०३ मध्ये संशोधक युइंग आणि हम्फ्री यांनी सूक्ष्मदर्शकाखाली लोखंडाच्या कणांवर उमटणाऱ्या घसरणीच्या रेषा पाहिल्या; पुढे त्यांच्याच चिरा होत होत्या.

१९७३ नंतर इंधन महागलं, वाहनं हलकी करायची निकड आली आणि चाकांसाठी ड्युअल-फेज, म्हणजे दोन घटकरूपांचं पोलाद पुढे आलं: फेराइट या मऊ रूपात मार्टेन्साइट हे कठीण रूप. ताकद वाढली, म्हणून पत्रा पातळ करता आला. गुळगुळीत नमुन्याची थकवा-मर्यादा (ज्याखाली तो जवळपास तुटत नाही तो ताण) तन्यताबलाच्या, म्हणजे एकदाच ओढून तोडायला लागणाऱ्या ताणाच्या, साधारण निम्मी असते, म्हणजे जास्त ताकदीचा फायदा तिथे मिळतो.

चाक मात्र गुळगुळीत नमुना नाही. पंचाने पाडलेल्या भोकांच्या खडबडीत कडा आणि डिस्क आणि रिम (टायर बसतो ती कड) यांना जोडणारा वेल्ड इथेच चीर जन्मते. वेल्डच्या कडेला बारीक दोष आधीपासूनच असतात, त्यामुळे पोलाद कितीही भारी असलं तरी तिथलं आयुष्य फारसं वाढत नाही. आपल्याकडच्या ओव्हरलोडिंगच्या चर्चेत हा मुद्दा यायलाच हवा: वेल्डपाशी ताण सव्वापट झाला की आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. तडकलेली डिस्क गॅरेजमध्ये पुन्हा वेल्ड करून घेतली, तर त्या टाक्याच्या कडेलाच पुढची चीर सुरू होऊ शकते.