नदीकाठचा रस्ता वेगळा, धरणाकाठचा वेगळा

दर दिवाळीच्या आधी हेच कानावर येतं, "यंदा पुण्याजवळच्या पानशेतच्या कडेकडेनं सायकली काढू, नदीकाठचाच रस्ता आहे, सपाटच असणार." अहो, तो नदीकाठ नाहीये, धरणाकाठ आहे!

नदीकाठचा रस्ता सगळ्यांना माहितीय, पाण्याच्या सोबतीनं जातो, दम लागत नाही. युरोपात डॅन्यूब नदीच्या काठानं जर्मनीतल्या पासाऊ ते व्हिएन्ना लोक पोराबाळांसकट जातात ते त्यामुळेच, 300 च्या वर किलोमीटरमध्ये नदी उतरते जेमतेम 150 मीटर, आणि पूर्वी घोडे काठावरून होड्या ओढायचे तीच ती वाट. ते फोटो बघून आपण मुळशी-पानशेतचा प्लॅन करतो आणि तिथंच फसतो.

कारण धरण झालं की खोऱ्याचा तळच बुडतो, म्हणजे जिथं जुनी सपाट वाट होती, भातखाचरं होती, गावं होती तोच भाग. मग नवा रस्ता काढतात डोंगराच्या अंगावरून, आणि आपल्या डोंगरांना सोंडा किती आणि ओढे किती! प्रत्येक सोंडेवर चढायचं, प्रत्येक ओढ्यात उतरायचं. एका ओढ्यानंतर 30 मीटर चढ धरा, असे 20 ओढे, झाले 600 मीटर, म्हणजे पायथ्याच्या गोळेवाडीतून जवळजवळ अख्खा सिंहगड चढलात आणि तरी निघालात त्याच उंचीवर.

खरं सांगू, यापेक्षा घाट परवडतो. घाटात एक गिअर धरला की लय लागते, वर पोचलं की मोकळा उतार. इथं उताराच्या तळाशी नेमकी ओढ्यावरची मोरी आणि वळण, त्यावर वाळू नाहीतर पावसाळ्यातलं शेवाळ, त्यामुळे ब्रेक दाबायचाच, वेग तिथंच जातो आणि पुढचा चढ शून्यापासून. गेल्या वर्षी मेव्हण्याला "70 किलोमीटर, आरामात" म्हणून घेऊन गेलो, दुपारी दोनला अकराव्या मोरीपाशी त्यानं सायकल आडवी टाकली, मांडीत गोळा, पाणी संपलेलं, बोलणंही बंद. मी अंतर बघितलं होतं, चढाई नाही, अजून वाईट वाटतं.

नकाशात पाण्याची कड हाताच्या बोटांसारखी आत-बाहेर जात असेल तर तो धरणाकाठ समजा. ॲपमध्ये सर्वात जास्त उंची किती ते बघू नका, एकूण चढाई बघा, म्हणजे सगळ्या चढांची बेरीज. सुट्टीसाठी माझं माप ठरलंय, दिवसाला 40 किलोमीटर आणि 400 मीटर चढाई, त्याच्या वर नाही.

हायब्रिड की एमटीबी (डोंगरी सायकल) याचा कीस पाडू नका, घरात आहे ती घ्या. फक्त पाठीवर सॅक नको, सामान कॅरिअरला बांधा.

दोन्ही प्रकार एकाच नदीवर अनुभवायचे तर वाईला जा, सायकली गाडीवर टाकून, सुट्टीत खंबाटकी चढायची काही गरज नाही. वाईहून मेणवली तीनेक किलोमीटर, नाना फडणवीसांचा वाडा, मग धोम गावातलं नरसिंहाचं देऊळ आणि तो कासवाच्या पाठीवरचा नंदी, सगळं निवांत. धोम धरणाच्या भिंतीच्या वरच्या अंगाला, जलाशयाकडे गेलात की तीच कृष्णा, पण मांड्यांना लगेच कळतं. तिकडची झाडी, डोंगर सुंदरच आहेत, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघा, दहाएक किलोमीटर आत जा आणि ऊन चढायच्या आत मागे फिरा, जेवायला वाईत.